स्किनर, पिकार्ड आणि एकहोमची रिकामी जागा

संपादकांनी या खेपेला अख्खं सदर बर्फावरच्या हॉकीला दिलंय, कारण गेले काही आठवडे दुसरं कोणी काही विचारतच नाहीये. आपल्या एडमंटन ऑइलर्सचा नियमित हंगाम १०१ गुणांवर संपला. पॅसिफिक गटात तिसरा क्रमांक मिळाला आणि सोमवारी, २१ एप्रिल २०२५ ला, लॉस एंजेलिसमध्ये किंग्जशी प्लेऑफचा, म्हणजे हंगामानंतरच्या बाद फेऱ्यांचा, पहिला सामना आहे. सलग चौथं वर्ष, तोच प्रतिस्पर्धी आणि तीच पहिली फेरी. ग्रेट्झ्की इथे खेळत होता तेव्हापासून मी एडमंटनमध्ये आहे आणि माझी मुलगी शाळा संपेपर्यंत गोली, म्हणजे गोलरक्षक, होती. एवढ्या भांडवलावर उत्तरं देतेय. आकडे एनएचएल लीगचे, मतं माझी.

प्रश्न : मावशी, सरळ विचारतो. गोली कोण हवा, स्किनर की पिकार्ड? घरात दोन तट पडलेत. बायको म्हणते, गेल्या वर्षी अंतिम फेरीच्या सातव्या सामन्यापर्यंत स्किनरनंच नेलं. मी म्हणतो, तोच स्किनर यंदा सोपे गोल खातोय.
— एक वाचक, शेरवूड पार्क

बायकोचं ऐका. निदान सोमवारपुरतं तरी.

आधी आकडे बघू. यंदा ५१ सामन्यांत स्किनरनं अंगावर आलेल्या शॉटपैकी ८९.६ टक्के अडवले. पिकार्डनं ३६ सामन्यांत ९० टक्के. म्हणजे हजार शॉटमागे चार गोलांचा फरक. स्किनरच्या वाट्याला हंगामभरात बाराशे-तेराशे शॉट आले असतील, म्हणजे सहा महिन्यांत जेमतेम पाच गोल. एवढ्यावरून संसारात तट पाडायचे? लीगची सरासरीसुद्धा यंदा ९० टक्क्यांच्याच आसपास आहे. दोघंही मध्यम. खरी काळजी ती आहे. समोर किंग्जकडे केम्पर आहे, त्याचं प्रमाण ९२ टक्क्यांच्या घरात. एकट्याच्या जिवावर मालिका काढून देईल असा गोली त्यांच्याकडे आहे, आपल्याकडे नाही. हे मान्य करून पुढे जाऊ.

मग स्किनरच का खुपतो डोळ्यांत? माझ्या मते त्याचे गोल कधी जातात, त्यामुळे. लोक अजून पॉपकॉर्न घेऊन जिने चढतायत आणि तेवढ्यात एक आत. असा एक गोल पुढचे पाच बचाव पुसून टाकतो. शिवाय पोरगं आपल्याच गावचं. एडमंटनमध्ये जन्मला, इथेच वाढला, नऊ भावंडांतलं शेंडेफळ. कौतुकही घरचं आणि शिव्याही घरच्याच. पिकार्ड मात्र बिचारा गावोगावी फिरलेला, कितीतरी संघांचे कपडे घालून झालेला, तेहतिशीचा माणूस. त्याच्याकडून कुणाची अपेक्षाच नाही, त्यामुळे त्यानं काही केलं की टाळ्या.

गेल्या वर्षीची व्हँकुव्हरविरुद्धची मालिका आठवा. तिसऱ्या सामन्यानंतर प्रशिक्षक नॉब्लॉकनं स्किनरला बसवलं, चौथा आणि पाचवा सामना पिकार्डला दिला, मग सहाव्याला पुन्हा स्किनर. त्यानं सहावा जिंकला, सातवाही जिंकला. आपला प्रशिक्षक कुणाच्या प्रेमात पडणारा नाही, हे मला त्यातलं सगळ्यात आवडलं. यंदाही दोघं लागणार हे गृहीत धरा. सुरुवात स्किनरनं करावी, आणि पहिल्या दोन सामन्यांत दहा-बारा गोल गेले तर तिसऱ्याला पिकार्ड. त्यात कोणाचा अपमान नाही.

पण तुमच्या प्रश्नातच मला एक खोट दिसते. तुम्ही दोघंही जाळ्याकडे बघताय. जाळ्याच्या चार फूट पुढे बघा. शॉट आला की मी तीन गोष्टी पाहते. पक (खेळाची रबरी चकती) काठीवरून सुटताना गोलीला दिसला का, तो योग्य कोनात उभा होता का, आणि अंगावर आपटून परत आलेला पक आधी कोणाला मिळाला. पहिल्या दोन गोलीच्या. तिसरी मात्र त्याची नाही. ते काम बचावपटूंचं, आणि आपल्याकडे ते काम सगळ्यात नीट करणारा मातियस एकहोम ११ एप्रिलला सॅन होजेविरुद्ध दुखावून बाहेर गेला. पहिल्या फेरीला तरी तो नाही. लग्नघरात भांडारघराची किल्ली कमरेला लावून बसलेला एक काका असतो बघा, फोटोत कुठेच नसतो, पण तो नसला की पंगतीत मीठ येत नाही. एकहोम तसा. त्याचा जोडीदार बचावपटू बुशार पुढे धावून गोल करतो, लोक नाचतात. त्याला पुढे धावता येतं ते मागे एकहोम उभा असतो म्हणून. आता त्याच्या जागी जो कोणी उभा राहील तो रिबाउंडवर अर्ध्या सेकंदानं उशिरा पोचेल, आणि त्या अर्ध्या सेकंदाचं खापर आपण सगळे मिळून स्किनरच्या डोक्यावर फोडणार.

प्रश्न : मी पुण्याहून लेकीकडे आलेय. जावई टीव्हीसमोर बसून गोलीच्या नावानं बोटं मोडत असतो. मला तर तो पक दिसतच नाही. मागचा लाल दिवा लागला की कळतं, गोल झाला. त्या मुलाला तरी दिसतो का हो?
— एक आजी, सध्या मुक्काम एडमंटन

आजी, या महिन्याचा सगळ्यात चांगला प्रश्न तुमचा. पुष्कळदा नाही दिसत.

पक म्हणजे साडेसात सेंटिमीटर रुंदीची आणि अडीच सेंटिमीटर जाडीची रबराची चकती. निळ्या रेषेवरून जोरात मारली की तासाला दीडशे किलोमीटरच्या आसपास जाते, म्हणजे गोलीकडे अर्धा सेकंद. त्यात विरुद्ध संघाचा एक दांडगा माणूस मुद्दाम त्याच्या नाकासमोर पाठ करून उभा असतो आणि आपलाच बचावपटू त्या दांडग्याला ढकलत असतो. गोलीसमोर दोन पाठी आणि चार पाय. त्या फटीतून जेवढं दिसेल तेवढं बघायचं. तुम्ही मैदानी हॉकीतल्या आपल्या श्रीजेशला पाहिलं असेल. त्याचं जाळं यापेक्षा खूप मोठं, पण निदान समोरून पाय रोवून कोणी त्याची खिडकी बंद करत नसे.

पक शोधू नका, डोळे दुखतील. एक सामना फक्त गोलीकडे बघा. प्रत्येक भागाच्या सुरुवातीला तो आपल्या निळ्या चौकात या टोकापासून त्या टोकापर्यंत बर्फ खरवडत जातो. यंत्रानं नुकताच गुळगुळीत केलेला बर्फ त्याला नको असतो, पाय धरून राहील असा खरबरीत हवा असतो. खरवडून झालं की काठीनं डावा खांब ठोकतो, उजवा ठोकतो. पाठीमागे डोळे नाहीत, म्हणून खेळ चालू असतानाही मधूनमधून खांब चाचपत राहतो, आपण कुठे आहोत ते कळायला. गोलीचे खांदे वर गेले की समजा, पक आपल्या बाजूला आला. तुम्हाला जावयाच्या आधी कळेल.

आणि समालोचन इंग्रजीतून डोक्यावरून जात असेल तर पंजाबी लावा. इथे हॉकीचं पंजाबी समालोचन वर्षानुवर्षं चालू आहे. अर्धं तरी कळतंच, आणि मजा दुप्पट येते.

प्रश्न : मी अस्थिरोगतज्ज्ञ आहे, कोल्हापूरला. मुलाकडे आलो की हॉकी बघतो. 'खालच्या अंगाची दुखापत' हे कसलं निदान आहे? माझ्या हाताखालच्या मुलांनी केस पेपरवर असं लिहिलं असतं तर मी कागद तोंडावर फेकला असता. आणि तुमचा तो केन यंदा दिसलाच नाही, तो कुठे आहे?
— एक डॉक्टर

डॉक्टरसाहेब, तो कागद आम्ही दर वर्षी झेलतो. लीगमध्ये संघांनी वरचं अंग किंवा खालचं अंग एवढंच सांगायची रीत आहे. कारण उघड आहे. डावा घोटा दुखतोय म्हणून जाहीर केलं तर पुढच्या सामन्यात प्रत्येक काठी डाव्या घोट्यावरच पडेल.

२० मार्चला विनिपेगविरुद्ध आपला कर्णधार मॅकडेव्हिड बाहेर गेला, आठ सामने मुकला. निदान : खालचं अंग. त्याच सुमारास ड्रायसाइटल बाहेर. आला, ३ एप्रिलला सॅन होजेत पुन्हा बाहेर, आणि मग नियमित हंगामात उतरलाच नाही. तरी ७१ सामन्यांत ५२ गोल करून लीगमध्ये पहिला. २६ मार्चला डॅलसविरुद्ध स्किनरच्या डोक्याला मार बसला. तेवढं तरी सगळ्यांना दिसलं, लपवायची सोय नव्हती.

खरी निदानं हरल्यावर बाहेर येतात. २०१३ च्या अंतिम फेरीत बॉस्टनचा बर्जरॉन शेवटचा सामना खेळला तेव्हा त्याची बरगडी मोडलेली, कूर्चा फाटलेली, खांदा निखळलेला होता, आणि फुप्फुसाला भोक पडलं होतं. डॉक्टर म्हणून तुम्हाला ते ऐकून संताप येईल, आणि यायलाच हवा. इथे मात्र असल्या गोष्टी कौतुकानं सांगतात, ते मला कधीच पटलेलं नाही. आपल्याकडचं उदाहरण २०२२ चं. किंग्जविरुद्ध ड्रायसाइटलचा घोटा मुरगळला, वरच्या बाजूचा, वाईट. पुढच्या फेरीत कॅल्गरीविरुद्ध त्याला धड वळता येत नव्हतं. पाच सामन्यांत त्यानं १७ गुण (गोल आणि गोलसाठी दिलेले पास मिळून) काढले! पाय चालत नव्हता म्हणून तो एका जागी उभा राहून पास देत राहिला. त्यामुळे माझं मत असं की ड्रायसाइटल ऐंशी टक्के बरा असेल तरी उतरवावा, पण मॅकडेव्हिड तसा नको. मॅकडेव्हिडचा सगळा खेळ वेगावर उभा आहे. त्याचा पाय अर्धवट असेल तर तो निम्मा उरतो.

केनबद्दलही विचारलंय तुम्ही शेवटी. तो यंदा नियमित हंगामात एकही सामना खेळलेला नाही. नियमित हंगामात पगाराची कमाल मर्यादा असते, यंदा ८.८ कोटी डॉलर. लांबच्या दुखापतीवर असलेल्या खेळाडूचा भार त्यातून हलका करता येतो आणि २०२४-२५ च्या हंगामापर्यंत प्लेऑफमध्ये ती मर्यादा लागूच होत नव्हती. २०२१ मध्ये टॅम्पाच्या कुचेरोवनं अख्खा हंगाम बाहेर काढला, प्लेऑफच्या पहिल्या सामन्यात उतरला आणि शेवटी सगळ्यात जास्त गुण त्याचेच. तेव्हाच्या नियमात बसत होतं. नीतीत बसतं का, ते तुम्ही ठरवा. केन परतला तर मी टाळ्या वाजवणार हे मात्र नक्की.

प्रश्न : तुम्ही २००६ साली इथेच होतात ना? माझ्या मनातून रोलोसन जात नाही. आत्ता स्किनरला परत काही झालं, किंवा दोघांनाही लागलं, तर?
— एक वाचक भगिनी, सेंट अल्बर्ट

इथेच होते. जखमेवरची खपली काढलीतच, तर नव्या वाचकांसाठी सगळं सांगते.

२००६ मध्ये आपण आठव्या क्रमांकावरून प्लेऑफमध्ये शिरलो आणि पहिल्याच फेरीत लीगमध्ये अव्वल आलेल्या डेट्रॉइटला घरी पाठवलं. कारण एकच, ड्वेन रोलोसन. हंगाम संपत आला असताना, मार्चमध्ये आणलेला, छत्तिशीचा गोली. थेट अंतिम फेरी. समोर कॅरोलिना, पहिला सामना रॅलेमध्ये. आपण ३-० ने पुढे. गावात गाड्यांचे हॉर्न तेव्हाच सुरू झाले होते. मग त्यांनी गाठलं, ४-४ झाले, आणि शेवटची सहा मिनिटं राहिली असताना त्यांचा लॅड आणि आपलाच बर्जरॉन (बॉस्टनचा नव्हे, हा वेगळा) एकमेकांत गुंतून भरधाव रोलोसनवर जाऊन आदळले. गुडघा गेला. त्याची मालिका तिथेच संपली.

आत आला टाय कॉन्कलिन, कित्येक आठवडे सामना न खेळलेला. अर्धं मिनिट उरलेलं असताना तो जाळ्यामागे पक थांबवायला गेला. आपला कर्णधार जेसन स्मिथ तो घ्यायला आला. दोघांत गफलत झाली, पक पुढे निसटला आणि रिकाम्या जाळ्यासमोर त्यांचा ब्रिंडामोर उभा. ५-४. पुढचा सामना तिसऱ्या गोलीनं, मार्कानेननं, खेळला आणि ५-० असा हरला. पण मग तोच मार्कानेन मालिका सातव्या सामन्यापर्यंत घेऊन गेला. हे लोक विसरतात! कॉन्कलिनला आजही नावं ठेवतात आणि मार्कानेनचं नाव कोणाला आठवत नाही. हरलो आपण सातव्यात. त्यानंतर सलग दहा हंगाम प्लेऑफचं तोंड पाहिलं नाही.

पण याच गावात उलटंही घडलंय. १९८९-९० च्या हंगामात ग्रँट फ्यूर खांद्याच्या दुखण्यानं बहुतेक काळ बाहेर होता. चार स्टॅनले चषक (लीगचं विजेतेपद) जिंकून देणारा गोली नाही, ग्रेट्झ्की १९८८ च्या ऑगस्टमध्येच लॉस एंजेलिसला गेलेला. लोकांनी त्या वसंतात आशा सोडली होती. जाळ्यात उभा राहिला बिल रॅनफर्ड. दुसऱ्या फेरीत ग्रेट्झ्कीच्या किंग्जना ४-० ने धुतलं आणि अंतिम फेरीत बॉस्टनला पाच सामन्यांत हरवलं. बॉस्टनच्या जाळ्यात होता अँडी मोग, ज्याच्या बदल्यात रॅनफर्ड आपल्याकडे आला होता तोच. प्लेऑफचा सर्वोत्तम खेळाडू ठरला रॅनफर्ड. आपला शेवटचा चषक तो.

आता तुमच्या 'दोघांनाही लागलं तर'चं. मार्चमध्ये स्किनर बाहेर होता तेव्हा खालच्या लीगमधल्या आपल्या बेकर्सफील्डच्या संघातून ऑलिव्हिए रॉड्रिगला बोलावलं होतं. प्लेऑफमध्येही तिसरा गोली संघाबरोबर असतोच. नियमित हंगामात मात्र आणखी एक गंमत असते. यजमान शहरानं एक आणीबाणीचा गोली बसवून ठेवायचा, दोन्हींपैकी ज्याचे दोघं पडतील त्याच्यासाठी. २२ फेब्रुवारी २०२० ला टोरंटोत कॅरोलिनाचे दोन्ही गोली जखमी झाले आणि ४२ वर्षांचा डेव्हिड एअर्स जाळ्यात गेला. बर्फ गुळगुळीत करायचं यंत्र चालवणारा माणूस, आईची किडनी बसवलेला. पहिले दोन शॉट आत गेले. पुढचे आठही त्यानं अडवले. कॅरोलिना ६-३ ने जिंकली.

मी हे धीर द्यायला सांगत नाही. एअर्ससमोरच्या पाच जणांनी त्या दिवशी टोरंटोला शॉटच मारू दिले नाहीत, ते सांगायला सांगतेय. शेरवूड पार्कच्या गृहस्थांना दिलेलं उत्तर पुन्हा वाचा.

प्रश्न : आम्ही ९६ गुण मिळवून घरी बसलो आणि सेंट लुईस ९६ वरच आत. हा कुठला न्याय?
— कॅल्गरीहून एक दुःखी

न्याय नाही, नियम आहे. प्रत्येक गटातले पहिले तीन सरळ आत, मग प्रत्येक विभागातून उरलेल्यांतले दोन. गुण सारखे झाले तर पहिल्या साठ मिनिटांतच जिंकलेले सामने मोजतात. ओव्हरटाइम आणि शूटआउटचे विजय त्यात धरत नाहीत. तिथे सेंट लुईस सरस. तुमचा पोरगा वुल्फ मात्र काय खेळला हो यंदा! पहिल्याच पूर्ण हंगामात एवढा थंड डोक्याचा गोली मी फार दिवसांनी पाहिला. तो आम्हाला द्या आणि आमच्याकडून हवं ते न्या, असं मी घरात म्हणाले तर नवरा दोन तास बोलला नाही.

प्रश्न : संघ जिंकत असताना जर्सी धुवावी का?
— नाव छापू नये

धुवावी. घरात इतर माणसंही राहतात.

प्रश्न : मावशी, मी १३ वर्षांची आहे आणि गोली आहे. मार्चमध्ये आमची टीम ६-१ हरली आणि आम्ही स्पर्धेतून बाहेर पडलो. कोणी काही म्हणालं नाही, पण ड्रेसिंग रूममध्ये माझ्याशी कोणी बोललंच नाही. बाबा गाडीत प्रत्येक गोल परत सांगत होते. मला पुढच्या वर्षी फॉरवर्ड व्हावंसं वाटतंय.
— मिसिसागाहून

अगं, फॉरवर्ड व्हायचं असेल तर खुशाल हो. पण गोल करायला आवडतं म्हणून हो. त्या गाडीतल्या प्रवासामुळे नको.

माझ्या मुलीचे पॅड आमच्या तळघरात दोरीवर वाळत असायचे. तो वास तुला माहीतच आहे, मी काय सांगू. हरून आली की ती अर्धा तास त्या पॅडच्या पट्ट्यांशीच काहीतरी करत बसायची. एक पट्टा सोडायचा, परत घालायचा. मी वरून हाक मारायची नाही. हळूहळू मला कळलं की ती तेव्हा एकेक गोल आपला आपण बघून बाजूला ठेवत असायची. तिला ते दुसऱ्या कोणी दाखवायची गरजच नव्हती. गोलीला प्रत्येक गोल पाठ असतो. घरच्यांना वाटतं, तिला कळलंच नाही.

तुला एक युक्ती सांगते. ब्रेडन होल्टबी म्हणून एक गोली होता, आमच्याच बाजूचा, लॉइडमिन्स्टरचा, २०१८ चा चषक वॉशिंग्टनला जिंकून देणारा. तो सामन्यात बाटलीतून पाणी हवेत उडवायचा आणि त्यातला एकच थेंब खाली पडेपर्यंत नजरेनं धरून ठेवायचा. डोळे पुन्हा ताळ्यावर आणायची त्याची ती पद्धत. गोल गेला की तूही तसंच काहीतरी ठरवून कर. पाणी, खांब ठोकणं, बर्फ खरवडणं, काहीही चालेल. पण ते झालं की तो गोल संपला.

आणि ६-१ मध्ये तुमच्या टीमचा एकच गोल झाला. पाच जणांनी मिळून एकच केला, तेव्हा त्यांच्याशी ड्रेसिंग रूममध्ये कोण बोललं नाही, ते विचार एकदा.

बाबांसाठी : साहेब, गाडीत पहिला शब्द लेकीला बोलू द्या. ती वडापावबद्दल बोलली तर तुम्हीही वडापावबद्दल बोला.

प्रश्न : आमच्या लीफ्सकडे यंदा स्टोलार्झ आणि वॉल, एक सोडून दोन चांगले गोली आहेत. तुम्हाला महिनोन्महिने माहीत होतं की जाळं गळतंय, मग खेळाडूंच्या देवाणघेवाणीच्या ७ मार्चच्या मुदतीत गोली का नाही विकत घेतला?
— टोरंटोतून, खोडसाळपणे

कारण मागच्या वेळी तुमच्याकडूनच घेतला होता. २०२२ मध्ये जॅक कॅम्बेल, पाच वर्षं, अडीच कोटी डॉलर. २०२३ च्या नोव्हेंबरात त्याला खालच्या लीगमध्ये पाठवावं लागलं, २०२४ मध्ये पैसे देऊन करार मोडला, आणि त्या पैशांचा बोजा अजून आमच्या पगारमर्यादेवर आहे. दुधानं तोंड पोळलंय, ताक फुंकून पितोय.

गंभीरपणे सांगायचं तर मार्चमध्ये चांगला गोली कोणी विकत नाही. ज्याच्याकडे आहे तोही प्लेऑफलाच निघालेला असतो. व्यवस्थापनानं बचावपटू वॉलमन घेतला, ते मला गोलीपेक्षा शहाणपणाचं वाटलं. एकहोम नसताना वॉलमनला मिनिटं वाढवून मिळणार, आणि सोमवारी मी त्यालाच बघणार आहे. तुम्ही १९६७ च्या, तुमच्या शेवटच्या चषकाच्या, आठवणी जपा.

प्रश्न : मग काय होणार? आणि सांगलीला माझे वडील सामना बघतात, त्यांच्यासाठी वेळ सांगा.
— एडमंटनहून

किंग्जना आपण २०२२ मध्ये सात, २०२३ मध्ये सहा आणि २०२४ मध्ये पाच सामन्यांत हरवलं. हा उतरता हिशेब बघून लोक यंदा 'चार' म्हणतायत. मी म्हणणार नाही. यंदा ते १०५ गुणांवर, आपल्या पुढे आहेत, पहिले दोन सामने त्यांच्याकडे, आणि घरच्या बर्फावर ते ४१ पैकी ३१ जिंकलेत. यंदा एवढं कोणालाच जमलेलं नाही. माझा अंदाज असा : पहिल्या दोनपैकी एक जरी काढला तर सहा सामन्यांत आपण. दोन्ही हरलो तर गावात पुन्हा 'गोली बदला' सुरू होईल, प्रशिक्षक बदलेलही, आणि मालिका सातव्यापर्यंत ओढली जाईल. ड्रायसाइटल पहिल्या सामन्याला उतरला नाही तर माझा अंदाज रद्द समजा.

सामना आमच्याकडे सोमवारी रात्री आठला, म्हणजे सांगलीत मंगळवारी सकाळी साडेसातला. वडिलांना सांगा, प्लेऑफमध्ये शूटआउट नसतं. बरोबरी झाली की वीस-वीस मिनिटांचे भाग, कोणीतरी गोल करेपर्यंत. दहा वाजता सामना संपेल असं धरून बँकेची कामं ठेवू नयेत.